एसजीपीटी फक्त ९२

लावणीचे दिवस होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत पूर्णगडला मुचकुंदीच्या खाडीकाठी होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि एरवी खलाशी म्हणून जाणारी माणसंही चिखलात उतरतात. माझे चुलतकाका त्यांतलेच. त्यांना सणसणून ताप भरला. पोटऱ्या अशा ठणकायला लागल्या की पडवीतून न्हाणीपर्यंत भिंत धरून जावं लागे. डोळे आधी लाल झाले, मग पिवळे. पिवळे दिसले आणि घरातल्या घरात निदान होऊन गेलं : कावीळ. तेल-तूप बंद झालं, उसाचा रस सुरू झाला, आणि काकूने कुणाकडून तरी काविळीची माळ आणून काकांच्या गळ्यात घातली.

मी रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. गावी आले होते, म्हणून रक्त मीच घेतलं. हे काम मी जपून करते. पट्टा फार वेळ आवळून, सुईतून जोरात ओढून घेतलेल्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातला एसजीओटी सीरममध्ये उतरून आकडा खोटाच चढतो. बिलिरुबिन तर उजेडात मोडतं. पावसवरून रत्नागिरीला येईपर्यंत खिडकीच्या उजेडात राहिलेल्या नमुन्यात कावीळ आहे त्याहून कमी दिसू शकते. म्हणून ट्यूब काळ्या कागदात गुंडाळून थंड डब्यातून नेली. सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढली तेव्हा वरचं सीरम, जे एरवी फिकट गवती रंगाचं असतं, ते दाट हळदीच्या पाण्यासारखं होतं. मशीनने आकडा द्यायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला.

रिपोर्ट असा होता : एकूण बिलिरुबिन ११.२, त्यातलं डायरेक्ट ८.६. एसजीओटी १४८, एसजीपीटी ९२. अल्कलाइन फॉस्फेटेज थोडं वाढलेलं. मी सोबत क्रिएटिनिन आणि प्लेटलेटही लावून घेतले होते. क्रिएटिनिन ३.१, प्लेटलेट ४८ हजार.

संध्याकाळी घरी फोन लावला तर शेजारचे एक भाऊ तिथेच बसलेले. आदल्या वर्षी त्यांना कावीळ झाली होती आणि त्यांचा एसजीपीटी १८०० च्या पुढे गेला होता. त्यांनी काकांना धीर दिला, "तुमचा ९२च हाय. माझ्यापुढं काय न्हाय तो. आठ दिवसांत उठून बसाल." ते मनापासून सांगत होते. एसजीपीटी हा काविळीचा आकडा आणि जितका जास्त तितकं दुखणं मोठं, असाच हिशेब गावोगाव चालतो.

हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्यापायी माणूस जाऊ शकतो.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आतली एन्झाइम्स. हल्लीच्या रिपोर्टांत तीच एएलटी आणि एएसटी या नावांनी छापलेली असतात. यकृताच्या पेशींना इजा झाली की ती रक्तात सांडतात. म्हणजे हे आकडे आत्ता किती पेशी दुखावल्या ते सांगतात, यकृत काम करतंय की नाही ते सांगत नाहीत. शिवाय एसजीओटी एकट्या यकृताचा नाही, तो हृदयात आहे, स्नायूंत आहे. १९५४ साली रक्तातला वाढलेला एसजीओटी पहिल्यांदा नोंदला गेला तो हृदयविकाराच्या झटक्यात. यकृताचं काम बघायचं तर अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, बघावा लागतो. अल्ब्युमिन यकृतातच तयार होतं, पण ते रक्तात जवळजवळ तीन आठवडे टिकतं, त्यामुळे उशिरा घसरतं. गोठवणाऱ्या घटकांतले काही थोड्या तासांत संपतात, म्हणून पीटी एका दिवसातच खरं बोलून जातो. एसजीपीटी १८०० वरून २०० वर आला, पण बिलिरुबिन चढतंय, पीटी लांबतोय आणि माणूस असंबद्ध बोलायला लागलाय, तर तो उतार नव्हे. सांडायला पेशीच उरलेल्या नाहीत असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

शेजारच्या भाऊंची कावीळ विषाणूची होती. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून येतात, एसजीपीटी हजारात नेतात आणि बहुतेकांत आपोआप उतरतात. (गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर मात्र जिवावर बेततं.) माळेचं नाव होतं ते या आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळींमुळेच. माळेतल्या काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याचे फास सैल पडतात, माळ लांबत जाते, आणि त्याच दिवसांत विषाणूही आटोपलेला असतो.

काकांच्या रिपोर्टात बिलिरुबिन अकरावर असताना एसजीपीटी शंभरच्या आत होता. हे जुळत नव्हतं. विषाणूने एवढी कावीळ आणली असती तर पेशींची नासाडी हजारांच्या आकड्यात दिसली असती. त्यात मूत्रपिंड दुखावलेलं, प्लेटलेट उतरलेल्या, पोटऱ्या दुखत होत्या, डोळे लाल होते आणि पाय चिखलात होते. कोकणात पावसाळ्यात हे सगळं एकत्र दिसलं की पहिलं नाव येतं ते लेप्टोस्पायरोसिसचं. उंदरांच्या, गुरांच्या मुतातले जंतू पाण्यात, चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून शिरतात. तिथे यकृताच्या पेशी फारशा मरत नाहीत, पित्त बाहेर टाकणं अडतं. म्हणून डोळे हळदीसारखे आणि एसजीपीटी बेताचा. खरा धोका मूत्रपिंडाला आणि फुप्फुसातल्या रक्तस्रावाचा.

निदान करणं माझं काम नाही, पण आकडे वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचवणं माझं काम आहे. लॅबच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला. त्यांनी एकदाच वाचला आणि म्हणाल्या, "आज रात्रीच ॲडमिट करा." काका गाडीत बसायला तयार नव्हते. "अगो बाय, पथ्य पाळतोय मी, कशाला खर्च?" शेवटी काकू चिडली तेव्हा उठले.

जिल्हा रुग्णालयात पीटी जवळपास नॉर्मल आला. यकृताचं मूळ काम शाबूत होतं, याचा केवढा आधार वाटला म्हणून सांगू. लेप्टोची आयजीएम तपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्हही येऊ शकते, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी तिच्यासाठी न थांबता प्रतिजैविक त्याच रात्री सुरू केलं. तपासणी पुढे पॉझिटिव्ह आली. डायलिसिसची वेळ आली नाही. क्रिएटिनिन आधी उतरलं, प्लेटलेट चढल्या, आणि पिवळेपणा सगळ्यांत शेवटी, अगदी सावकाश गेला. बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला चिकटून बसतो, तो त्याच्याबरोबरच जातो. तेवढ्यासाठी काकू रोज घाबरायची, तिला रोज तेच समजवावं लागायचं.

अशी उलट बाजूही मी पाहते. एका मुलाचं बिलिरुबिन २.३ आलं, सगळं इनडायरेक्ट, बाकी सारं नॉर्मल. घरच्यांनी महिनाभर त्याला मुगावर ठेवलं. तो बहुतेक गिल्बर्टचा प्रकार, उपास किंवा जागरण झालं की थोडा वाढणारा आणि निरुपद्रवी. वाढत्या वयाच्या मुलांत अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त दिसतं ते हाडांमुळे. रिपोर्टात ठळक छापलेला प्रत्येक आकडा आजारच नसतो.

माळ घालायचीच असेल तर घाला. पण पावसाळ्यात ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत कळा आणि वर कावीळ असं दिसलं तर एसजीपीटीचा आकडा विचारत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, क्रिएटिनिन, प्लेटलेट आणि पीटीही करायची का ते विचारा, आणि आपण चिखलात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा.