वरच्या मजल्याची मनिऑर्डर

आमच्या दाराची कडी कुरकुरायची बंद झाली आणि मला एकदम राग आला.

खोलीत राहणाऱ्या मुलीनं तिला तेल घातलं होतं. मुलगी परभणीची. राज्यसेवेची तयारी करणारी, चपला भिंतीशी सरळ लावणारी, मला काकू म्हणणारी. तक्रारीला जागाच नाही. पण त्या कुरकुरीवरून दारात कोण आलंय ते मला ओट्यापाशी उभ्या उभ्या कळायचं. हे एका झटक्यात कडी ओढायचे, मुलगा दोनदा खुडबुड करून. तेल घालायला सांगितलं कुणी? त्याच रात्री ठरवलं, हिला आता दुसरी जागा बघायला सांगायचं.

कायदा माझ्या बाजूनं आहे. अकरा महिन्यांचा करार, नोंदवलेला, दोघींचे अंगठे घेतलेला. मुदत संपूनही राहिली तर दुप्पट पैसे मागायची सोय 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. कारण द्यायची गरज नाही. पण जिला आषाढीला साबुदाण्याची खिचडी वाढली, तिच्यापुढे कारणाशिवाय तोंड कसं उघडायचं? शेजारीण म्हणाली, "रंग काढायचाय म्हणून सांग." म्हणजे खरंच रंग काढणं आलं. 'मुलगा येतोय' हे तर त्याहून वाईट. जो यायचं नाव घेत नाही त्याला खोटं खोटं आणू नये. शिवाय मुहूर्तही मिळत नाही. पूर्व परीक्षा तोंडावर, ती झाली की मुख्य, मग मुलाखत, आणि निकाल लागतोय तोवर पुढची पूर्व. सदाशिव पेठेतल्या या मुलांच्या वर्षात रिकामा महिनाच नसतो.

आजोबांना असले विचार पडले नाहीत. वाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडावर त्यांनी सरळ दावा लावला होता. 1947 च्या कायद्यानं भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या दरावर गोठवून टाकलेली, त्यात कौलंही शाकारून होत नसत. भाडं घेतलं तर दावा लुळा पडेल ही आजोबांची धास्ती, म्हणून ते घेत नसत. थकलं तर जागा जाईल ही वरच्यांची धास्ती, म्हणून ते मनिऑर्डर करत. दर महिन्याला वरचे गृहस्थ जिना उतरून, आजोबांच्या झोपाळ्यावरून, "काय, बरं आहे ना?" विचारत पोस्टात जात. एकदोन दिवसांनी पोस्टमन तेच पैसे घेऊन झोपाळ्यापाशी येई. आजोबा चष्मा लावून फॉर्म नीट वाचत, 'घेण्यास नकार' असं लिहून देत आणि पोस्टमनला चहा पाजत. पैसे यथावकाश वर परत. त्या भाड्यातून पोस्टाखेरीज कुणाचाच फायदा झाला नाही.

फॉर्मच्या तळाशी मजकुराला थोडी जागा असे. वरचे ती वाया घालवत नसत. 'उत्तरेकडून गळते. न्हाणीचा नळ ठिबकतो. बाकी क्षेम.' नाकारलेल्या मनिऑर्डरीतली तक्रारही नाकारलेलीच, असा आजोबांचा मुद्दा होता, आणि मला तो आजही बिनतोड वाटतो. पण मृगाच्या आधी शाकारणीवाला यायचा तो नेमका उत्तरेकडची कौलं बदलायला. "वाडा माझा आहे, माझ्यासाठी करतोय," असं आजोबा जिन्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणत. संध्याकाळी वरून भरल्या वांग्यांचं वाडगं खाली येई. त्यावर शेरा मारल्याचं मला आठवत नाही.

तारखेच्या दिवशी दोघं एकाच बसनं शिवाजीनगर कोर्टात जात. तिकिटं मात्र आपापली. पुढची तारीख घेऊन येताना बरोबर भाजी आणत, आणि मेथी कुणाला स्वस्त मिळाली यावरून वाड्याच्या दारात पुन्हा वाद.

शेवटी निकालबिकाल काही लागला नाही. वरच्यांनी कोथरूडला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. सामान हलवताना त्यांचं शिसवी कपाट जिन्याच्या वळणात अडकलं. आजोबा खालून धरायला गेले आणि कपाट सुटेपर्यंत वाडा बांधणाऱ्या आपल्याच वडिलांना नावं ठेवत राहिले. पुढच्या तारखेला ते दावा काढून घ्यायला कोर्टात गेले, तर वरचे कोथरूडहून बस बदलून आधीच बाकावर येऊन बसलेले. वकील दोघांचेही आले नव्हते.