भुईआवळीचा रस

तंजावरला दुसऱ्या सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) धन्वंतरी महाल नावाची संस्था चालविली होती. तेथील वैद्य औषधे रोग्यांवर वापरून पाहात आणि गुणकारी ठरतील त्यांची टिपणे ठेवीत. ती तमिळ पद्यांत गुंफली गेली आणि 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने छापली. मराठी राजाच्या पदरचे हे ज्ञान तमिळात उतरले, ही गोष्ट माझ्यासारख्या भाषांतरावर पोट भरणाऱ्यास विशेष गोड वाटते.

गेल्या कार्तिकात ते ग्रंथालय पाहून बाजारातून येत असता एक बाई हिरव्या जुड्या विकताना दिसली. तिची 'कीळानेल्ली' म्हणजे आपली भुईआवळी. तमिळांनी पानांखालची फळे पाहून नाव ठेवले, आपण जमिनीलगतचे रोप पाहून. आवळा मात्र दोघांनाही आठवला! काविळीवर ती दोन्हीकडे देतात.

माझी मावशीही हल्ली हाच रस रोज सकाळी मुलाला देते. तो मोटारींना फवाऱ्याने रंग देण्याचे काम करतो. त्याच्या यकृतात चरबी साठली आहे. 'वनस्पतींचे अर्क प्रदूषकांपासून यकृताचे संरक्षण करतात,' असे तिने कोठेसे वाचले व मला विचारले.

असला मजकूर माझ्या मेजावर नेहमी येतो, आणि त्यातील 'संरक्षण' या शब्दापाशी मी थबकतो. कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रव्य पूर्वी कपडे धुण्यास वापरीत. यकृत चरबीला प्रथिनाचे वेष्टन घालून रक्तात धाडते; या विषाने ते काम बंद पडते व चरबी तेथेच साचते. उंदरांना आधी भुईआवळीचा अर्क दिला तर ती कमी साचते, हे प्रयोगांत दिसले आहे. पण तेथे विष मोजून दिलेले असते, आणि तेही थोडे दिवस. शिवाय प्राणी निराळा. माणसांविषयी तर अधिकच जपून बोलावे लागते. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी या वनस्पतीने ब-प्रकारच्या काविळीच्या विषाणूची खूण निम्म्याहून अधिक रोग्यांच्या रक्तातून गेल्याचे 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसे आढळले नाही.

मी मावशीला लिहिले, "रसाचे डॉक्टरांच्या कानावर घाल, आणि तो काय काम करतो तेही सांग. वाफ अडविणारा मास्क तो लावतो का?"

तिचे उत्तर आले. डॉक्टरांनी दारूविषयी विचारले होते, वजनाविषयीही. कामाविषयी कोणी विचारले नव्हते. मास्क मालकाने दिला आहे. घामाने चिकटतो म्हणून तो खुंटीला टांगलेला असतो.