नांदेडचे गुरुजी

नरहर कुरुंदकर पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले, पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तरी नांदेडकरांनी त्यांना दिलेले संबोधन बदलले नाही. गावात ते अखेरपर्यंत ‘कुरुंदकर गुरुजी’च राहिले. प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक असतानाचे ते संबोधन. पुढच्या पदव्यांनी ते पुसले गेले नाही, आणि ते पुसले जावे असे गुरुजींनाही वाटले असेल असे मला वाटत नाही. शाळेच्या वर्गात आणि हजार माणसांच्या सभेत त्यांची पद्धत एकच होती. समोरच्याला काही समजावून सांगायचे आहे, आणि तो समजण्यास समर्थ आहे, एवढे गृहीत धरून ते बोलत.

मी हैदराबादचा. आमचे घर सुलतान बाजाराच्या मागे. आत्या मात्र नांदेडला दिलेली. सुट्टीत काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीने आम्ही तिच्याकडे जात असू. सत्तरीच्या दशकात तीन-चार वेळा तरी मी गुरुजींची व्याख्याने ऐकली. त्यांचा विद्यार्थी होण्याचे भाग्य मला लाभले नाही. मी केवळ सतरंजीवर मागे बसलेला श्रोता. तेव्हा हे लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच आहे, हे आधी सांगितलेले बरे.

त्यांच्या हातात कागद नसे. विषय मांडताना ते प्रथम प्रतिपक्षाची बाजू घेत, आणि ती इतक्या ताकदीने मांडत की नवखा श्रोता गोंधळून जाई. मग एकेक दुवा तपासत, कुठे पुरावा आहे आणि कुठे नुसती श्रद्धा आहे हे दाखवत ते पुढे सरकत. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांतली पूर्वपक्षाची ही रीत आहे. पण ती शास्त्र्यांच्या सभेतून उचलून तालुक्याच्या गावी, दिवसभर दुकानात बसून आलेल्या माणसापुढे ठेवणे ही गोष्ट वेगळी. मनुस्मृतीवरच्या त्यांच्या व्याख्यानांत ही रीत फार स्पष्ट दिसते. हा ग्रंथ जाळण्याच्या लायकीचा आहे असे मानणाऱ्यांपैकी आपण आहोत हे ते लपवीत नाहीत, आणि तरीही तो ग्रंथ अशा बारकाईने वाचतात की त्याच्या भक्तांनीही तसा क्वचितच वाचला असेल.

हे सारे मराठवाड्यात घडत होते, याला विशेष अर्थ आहे. महाराष्ट्राच्या इतर भागांतील वाचकाला त्याची कल्पना सहज येत नाही, आणि महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला तर मुळीच येणार नाही. निजामाच्या राज्यात सभा भरवायची तर सरकारी परवानगी लागे. ‘गश्ती क्रमांक ५३’ हे शब्द आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होते. शिक्षण उर्दूतून. माझे वडील सगळे गणित उर्दूत शिकले. त्रिकोणाला ते शेवटपर्यंत ‘मुसल्लस’ म्हणत. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक शास्त्रे एका भारतीय भाषेतून शिकवून दाखवली, ही गोष्ट लहान नव्हे. वडील तिचा अभिमान बाळगीत आणि तो रास्त होता. मात्र ती भाषा राज्यातल्या बहुसंख्य तेलुगू, मराठी आणि कन्नड माणसांच्या घरातली नव्हती, हेही तितकेच खरे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. ज्यांना आजवर परवानगीवाचून चारचौघांत बोलता येत नव्हते, त्यांच्यापुढे एकदम मोकळे मैदान आले. मोकळ्या मैदानात घोषणा देणारे पुष्कळ मिळतात. विचार कसा करावा हे त्या मैदानात उभे राहून शिकवणारा माणूस मात्र दुर्मीळ.

गुरुजी त्याच मातीतले. १५ जुलै १९३२ रोजी, आजच्या हिंगोली जिल्ह्यातील नांदापूरला त्यांचा जन्म झाला. मामा डॉ. नारायणराव नांदापूरकर हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारा त्यांचा ‘मुक्त-मयूरांची भारते’ हा ग्रंथ जाणकारांना ठाऊक आहे. भाचा शिकण्यासाठी मामाकडे आला, सिटी कॉलेजात दाखल झाला, आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्यात ओढला गेला. इंटरच्या परीक्षेत तो एकाहून अधिक वेळा नापास झाला. ही माहिती मी मुद्दाम लिहितो, कारण गौरवग्रंथांत ती कौतुकाची गंमत म्हणून येते. मला ती गंमत वाटत नाही. ज्याच्या हाती पदवी नाही अशा तरुणाला त्या काळी काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, याचा विचार करावा. शाळेतली नोकरी करीत त्यांनी आपले शिक्षण पुरे केले, आणि सौंदर्यशास्त्रापासून भरताच्या नाट्यशास्त्रापर्यंतचा व्यासंगही याच काळात चालू ठेवला.

राष्ट्र सेवा दल आणि साने गुरुजी यांचा संस्कार त्यांच्यावर होता. समाजकार्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दवाखाना, वसतिगृह किंवा श्रमदानाचे फावडे येते. गुरुजींचे समाजकार्य म्हणजे प्रवास आणि बोलणे. कोणी बोलावले की जायचे. गाव लहान की मोठे हे पाहायचे नाही. महाविद्यालयातला तास आणि गावातले व्याख्यान यांत त्यांनी उच्चनीच मानले नाही. या वणवणीने त्यांच्या लेखनाचे नुकसान झाले अशी तक्रार त्यांचे चाहते करतात. ती अगदीच खोटी नाही. त्यांची कित्येक पुस्तके म्हणजे व्याख्याने आणि प्रासंगिक लेख यांची संकलने आहेत; त्यांत पुनरुक्ती आहे, घाई आहे. शांत बसून लिहिलेला एक मोठा ग्रंथ आपल्याला मिळाला असता. पण तो ग्रंथ ज्यांनी कधीच हाती घेतला नसता अशा माणसांना जे मिळाले, त्याचा हिशेब कोणी मांडायचा?

रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला त्यांची जी पत्ररूप प्रस्तावना आहे, ती मी कादंबरीच्या आधी वाचली. शिवाजी महाराजांना अवतार न मानता त्यांचे मोठेपण कसे सांगावे, हा तिथला प्रश्न आहे. राजाच्या मृत्यूनंतर, औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरलेला असताना, सामान्य माणसे वर्षानुवर्षे का लढत राहिली? उत्तर शोधत गुरुजी राज्यकारभारापर्यंत आणि रयतेपर्यंत येतात. पराक्रमाच्या कथांवर वाढलेल्या मला तो धक्काच होता.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचा विचार करताना ते कधीकधी विचारसूत्राच्या मागे असे लागतात की कादंबरीतली माणसे बाजूला उभी राहतात. ‘शिवरात्र’मधील काही निष्कर्षही मला कठोर वाटतात. आज त्यांच्या तसबिरीला हार घालणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी वाद घालणारे कमी. ही त्यांच्या स्मृतीची सर्वांत मोठी हानी आहे, असे माझे मत आहे.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत, व्यासपीठावरच, हृदयविकाराने त्यांना गाठले. पन्नाशी पुरी व्हायला पाच महिने उरले होते. बातमी वाचून वडील काही बोलले नाहीत. दुपारी त्यांनी कपाटातून ‘शिवरात्र’ काढले आणि खिडकीपाशी बसले.

वडील गेल्यावर ती प्रत माझ्याकडे आली. समासांत पेन्सिलीने उर्दूत टिपणे केलेली. मला ती लिपी येत नाही. शेजारच्या निवृत्त उर्दू शिक्षकांनी चष्मा पुसून ती वाचून दाखवली. बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता : ‘सबूत?’ दोन-तीन पानांवर ‘मान लिया’ असे होते. एका पानावर आधी ‘सबूत?’ लिहून, मग ते खोडून, खाली तारीख घातली होती, वर्ष १९८२. पुस्तकाची शिवण सुटली होती म्हणून मी ते बांधायला दिले, आणि कडा कापू नका असे बाइंडरला दोनदा बजावले.