भिंतीचा पोत

कारंजा लाड हे वाशिम जिल्ह्यातले जुने व्यापारी गाव. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही भट्टारक-परंपरांची मंदिरे या एकाच गावात आहेत, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाने गावाला विद्येचाही लौकिक दिला. अशा या गावातील एका कापड-व्यापारी घराण्याच्या वाड्यात, वाटणीच्या वेळी, दिवाणखान्याच्या मधोमध विटांची एक भिंत उभी राहिली. थोरल्या भावाने आपल्या बाजूला लगेच गिलावा करून घेतला. धाकट्याच्या बाजूला विटा तशाच उघड्या राहिल्या. मजुरी वाचवायची होती असे सांगितले जाई. खरे म्हणजे त्या भिंतीला हात लावण्याची कोणाचीच इच्छा नव्हती. चार वर्षे दोन्ही घरांत कामापुरतेच बोलणे राहिले. दरवर्षी क्षमावाणीला हात जोडले जात, परंतु तेही उंबऱ्याबाहेरूनच.

अखेर धाकट्या सुनेनेच मनावर घेतले. मिस्त्री न बोलावता भिंत आपल्याच हाताने करायची, आणि तिला गुळगुळीत रंगाऐवजी हलका, खडबडीत पोत द्यायचा, असे तिने ठरविले. सामान आणण्यापूर्वी तिने एकेक वस्तू निरखून पाहिली. जुन्या पद्धतीच्या डिस्टेंपरात सरस पडतो आणि सरस हा जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो. पुष्कळ ब्रशांचे केस डुकराचे असतात. दक्षिणेतल्या आरशासारख्या गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलकही घालीत. हे सर्व वर्ज्य करून तिने भिजवून मुरवलेला चुना, चाळलेली बारीक वाळू, चिकटपणासाठी डिंकाचे पाणी आणि नायलॉनचा ब्रश एवढेच घेतले. पाणी गाळून वापरायचे आणि काम सूर्यास्तापूर्वी थांबवायचे, कारण दिव्याकडे झेपावणारे किडे ओल्या चुन्यात अडकून मरतात. चातुर्मासापूर्वी काम उरकायचे हेही ठरले होते. पोताची खोली एक मिलिमीटरहून अधिक नको, असाही तिचा आग्रह होता. खोल खाचांत धूळ साचते, कोळी जाळी विणतात, आणि मग साफसफाईत हिंसा टळत नाही.

विटा पाण्याने भिजवून सफाई करताना मात्र एक गोष्ट तिच्या ध्यानी आली. नवी भिंत जुन्या मातीच्या भिंतीला नुसती टेकवून बांधली होती. दात सोडून एकमेकींत गुंतविलेली नव्हती. त्या सांध्यावर छतापासून जमिनीपर्यंत बारीक भेग उतरली होती. पोत दिल्याने भिंतीचे लहानसहान उंचसखलपण झाकते, भेग झाकत नाही. आज बुजविली तरी ती पहिल्याच पावसाळ्यानंतर पुन्हा उघडते. सांधा खोल खरवडून, त्यावर जाळीची पट्टी बसवून मगच चुना भरावा लागतो, आणि भेग आरपार असेल तर हे दोन्ही बाजूंनी करावे लागते.

म्हणजे थोरल्यांच्या दिवाणखान्यातला नीटनेटका गिलावाही तोडावा लागणार होता.

दोन दिवस तिने काम बंद ठेवले. नवऱ्याने विचारले, तेव्हा ‘चुना अजून मुरायचा आहे,’ असे तिने सांगितले. तिसऱ्या दिवशी सकाळी, मंदिरातून परतताना, ती पहिल्यांदाच त्या घराचा उंबरा ओलांडून आत गेली. जाऊबाईंनी पाट मांडला. ती उभीच राहिली आणि म्हणाली, ‘‘भाऊजी, सांध्याला भेग गेली आहे. तुमच्या बाजूनेही हातभर पट्टी खरवडावी लागेल. खर्च आमचा.’’

थोरले उठले, आपल्या भिंतीजवळ गेले. गिलाव्यातही केसासारखी रेघ उमटलेली होती. त्यांनी ती यापूर्वीच पाहिली असावी. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘‘खर्चाचे राहू द्या. दुपारी दुकानात मुलगा बसेल. पट्टी मीच खरवडतो.’’

त्या दुपारी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी छिन्नीचा आवाज येत होता. एका ठिकाणी चुना निसटून आरपार छिद्र पडले, आणि तेवढ्यातून दोघा भावांनी एकमेकांना जाळीची टोके दिली. तीन दिवस पट्टीवर ओली फडकी ठेवली. वैशाखाच्या उन्हात चुना झपाट्याने सुकला तर तडकतो, म्हणून तो सावकाशच वाळवावा लागतो. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो. या कामात घाई चालत नाही.

मग पातळ थर देऊन तिने ओल्या चुन्यावर मांजरपाटाचा तुकडा दाबून अलगद सोलला. कापडाची वीण भिंतीवर उमटली. थोरल्यांनी येऊन, गिऱ्हाइकापुढे ताग्याचा पोत पाहावा तशी बोटे फिरविली आणि म्हणाले, ‘‘थोडा भरडा आला. दुकानात बारीक सुताचा आहे, पाठवून देतो.’’

वाटणी मोडली नाही. भिंत आजही तेथेच उभी आहे. मात्र त्या वर्षी क्षमावाणीला दोन्ही घरची माणसे एकाच सतरंजीवर बसली.