यमे, दार उघड

चारकोपची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि माळा रिकामा करणं आलं. वर एक पितळी घंगाळ निघालं. भाड्याच्या घरात ते ठेवायचं कुठे, म्हणून मोडीत घालायला कांदिवली स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं ते काट्यावर ठेवलं, परत उचललं, उजेडात धरलं, काठावर अंगठा फिरवला आणि विचारलं, "जमना कोण?" त्याच्या गुजराती जिभेवर यमुनेची जमना झाली होती. काठाच्या आतल्या बाजूला छिन्नीच्या ठिपक्यांनी कोरलेलं होतं: चि. सौ. कां. यमुना हिस, भावाकडून. मी वजन न विचारताच घंगाळ परत घेऊन आले.

आजीचं नाव इंदिरा. रेशनकार्डावर इंदिरा, मतदारयादीत इंदिरा, श्राद्धाच्या संकल्पातही इंदिराच. पण लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतात ते लग्नाच्या आधी. त्यामुळे जे नाव लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटातल्या तांदळात अंगठीनं पुसून टाकलं, तेच घंगाळावर बसून सासरी आलं. पितळेवरचं पुसायला कुणाला सुचलं नाही.

हे नाव आम्हा नातवंडांना कळायचं ते वर्षातून एकदा. नव्वदीच्या सुरुवातीचं चारकोप म्हणजे चिखल, टँकर आणि एकाला एक चिकटलेली म्हाडाची बैठी घरं. भाऊबीजेच्या सकाळी आजीचा धाकटा भाऊ कोकणातून एसटीनं बोरिवलीला उतरायचा, डोक्यावर लाल पोह्यांचं गाठोडं घेऊन आमच्या गल्लीत शिरायचा आणि चार घरं अलीकडूनच ओरडायचा, "यमे! यमे, दार उघड!" दार उघडंच असायचं. सत्तरीची आजी, जिला एरवी पाटावरून उठायला दोघं लागत, ती अनवाणी अंगणात. शेजारणी विचारत, ही यमी कोण आलीय तुमच्याकडे?

तारीखही कशी साधलेली! कार्तिक शुद्ध द्वितीया, यमद्वितीया. यम बहिणीकडे जेवायला गेला तो हा दिवस. यमुना म्हणजे सूर्याची लेक, यमाची जुळी बहीण. कलिंद पर्वतावरून उतरते म्हणून कालिंदी. गौळणींतून ती इतकी खळाळली की मुलीचं नाव ठेवताना लोकांना कृष्ण आठवायचा, भाऊ नाही. आठवला तो आत्याबाईंना.

आत्याबाई म्हणजे माझ्या पणजोबांची विधवा बहीण. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय आणि तेवढ्यावर गेली चाळीस वर्षं त्यांच्याशी माझं वैर आहे. "यम असलेलं नाव या घरात नको," असं म्हणून त्यांनी इंदिरा सुचवलं म्हणे. मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. हे नवं नाव वापरणार कोण होतं? आजोबा जन्मभर "अगं" म्हणाले. दीर वहिनी म्हणाले, सासू "सूनबाई", मुलं आई, आम्ही आजी. इंदिरा अशी हाक तिला त्या घरात कुणी कधीच मारली नाही. जे नाव कुणी उच्चारायचंच नव्हतं, ते बदलायची एवढी घाई कसली?

घाई सगळ्यांनाच होती. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची यमुना अकरा वर्षांची असताना, १८७३ साली, न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी आली आणि रमा झाली. कल्याणच्या जोशांची यमुना, जन्म ३१ मार्च १८६५, नवव्या वर्षी गोपाळरावांची आनंदी झाली. पुढे एकीनं सेवासदन उभं केलं. दुसरी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन बाहेर पडली आणि पुढच्याच वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात गेली, वयाची बावीसही पुरी न होता. या दोघी यमुना होत्या हे शाळेत कुणी सांगितलं नाही. धोंडो केशव कर्व्यांच्या घरीही गोदूची आनंदी झाली. नद्यांना जणू उंबऱ्याशीच बांध घातलेला. आनंदीबाईंचं एक मात्र बरं, माहेर जोशी आणि सासरही जोशी. शुक्र ग्रहावर त्यांच्या नावाचं एक विवर आहे, त्याला 'जोशी' म्हणतात. निदान आडनाव तरी सासरचं की माहेरचं हा वाद तिथे पोचणार नाही.

आणि पुस्तकातल्या यमुना? १८५७ साली बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर हिंडते, ठिकठिकाणच्या विधवांची दैना ऐकते आणि शेवटी स्वतः विधवा होते. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'ची नायिका यमू. 'करमणुकी'त ती लोकांनी आठवड्याआठवड्यानं वाचली, तिचं केशवपन वाचून हळहळले. खऱ्या यमुना नाव टाकून रमा, आनंदी झाल्या आणि धडाडीनं जगल्या. कागदावरच्या यमुनांना नाव ठेवू दिलं, पण रडायच्या अटीवर. हरिभाऊंवर माझा जीव आहे. तरी वाटतं, एखादी यमू खो-खो हसणारी लिहिली असती तर काय बिघडलं असतं? आमची यमी भाऊबीजेच्या दिवशी भावाशी पत्ते खेळताना राजरोस फसवायची आणि पकडली गेली की पदर तोंडाला लावून हसायची. इंदिराबाई पत्त्यांना हात लावत नसत.

मामाआजोबा अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात गेले. तार नाही, फोन आला. आजी त्या दिवशी स्वयंपाक करून जेवलीसुद्धा. मग महिनोन् महिने कुणी विचारलं की सांगायची, "आज भाऊ गेला माझा." आई दुरुस्त करायची, "आज नाही हो, श्रावणात." डॉक्टर वय म्हणाले.

पुष्कळ वर्षांनी मैत्रायणी संहितेतली एक गोष्ट वाचनात आली. यम मेला. देव यमीची समजूत काढायला गेले. विचारलं की ती म्हणे, आज मेला. तेव्हा फक्त दिवस होता, रात्र नव्हतीच, त्यामुळे तिचा 'आज' सरेना. शेवटी देवांनी रात्र निर्माण केली, मग उद्या उजाडला, मग ती विसरली. हे वाचलं आणि आईला फोन केला. आई म्हणाली, "मग? आपल्याकडे ती झोपायची कुठे?"

मामाआजोबा गेले त्या वर्षीच्या भाऊबीजेला भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं आजीनं चंद्राला ओवाळलं. मला तेव्हा नुकतीच स्त्रीमुक्तीची पुस्तकं चढली होती. हिचं चोरलेलं नाव आपण परत द्यायचं, या उमाळ्यानं मी तिला "यमूआजी" म्हटलं. तिनं निरांजन खाली ठेवलं. "ते तुझं नाही," म्हणाली. "तू आपली आजीच म्हण." पुढे दोन दिवस माझ्याशी ती मोजकंच बोलली. आत्याबाईंवर मी जो राग धरलाय तो आजीनं कधी धरलाच नव्हता, हे तेव्हाही कळलं होतं. पण तिनं सोडला म्हणून मी का सोडावा?

यमुना म्हणून शेवटपर्यंत जगलेली, साऱ्यांच्या तोंडी असलेली एक बाई मात्र मला ठाऊक आहे: लावणीवाल्या यमुनाबाई वाईकर. २०१२ साली पद्मश्री, शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या. नाव जन्माचं, आडनाव गावाचं. कोल्हाटी समाजात नाचणारीचं लग्न लावायची रीत नव्हती, म्हणजे तांदळाचं ताटही नाही. घरंदाज यमुना ताटात पुसल्या गेल्या आणि फडावरची टिकली. आमच्या आत्याबाईंना हे ऐकवायला फार आवडलं असतं.

गेल्या वर्षी ठाकूर व्हिलेजला भाचीला मुलगी झाली. भाचीनं लग्नात नाव बदललेलं नाही. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही आलंय, वडिलांच्या आधी. म्हणून धीर करून मी यमुना सुचवलं. भाची फोनवर क्षणभर थांबली. "गोड आहे गं मावशी, पण त्यात यम येतो ना? आम्ही अर्थ बघूनच ठेवणारोत." आत्याबाई हसल्या असतील.

बारशाला सोसायटीचा हॉल घेतला होता. चार आत्यांनी पाळण्यात वाकून कुर्र केलं, पाठीत धपाटे घालून घेतले आणि माइकवरून नाव जाहीर झालं: कालिंदी. एकदम युनिक, असं भाची सगळ्यांना सांगत होती. मी घुगऱ्यांची दुसरी वाटी घेतली आणि अर्थ कुणालाही सांगितला नाही.