नॅशव्हिल इन ब्लॅक

कंट्री म्युझिक म्हटलं की आपल्याकडे अनेक घरांत आधी एकच नाव निघतं, जिम रीव्ह्ज! बाबांच्या पिढीची कॅसेट, रविवारची सकाळ आणि तो मखमली आवाज. त्यामुळे टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीच्या पंढरीला चार दिवस जायचं ठरलं, तेव्हा मी मनात एक शांत, गोडगोड गाव रंगवून ठेवलं होतं.

शांत? विसरा! लोअर ब्रॉडवेवर पाऊल ठेवलं की कानांचा ताबा सुटतो. ओळीने बार, प्रत्येकात बँड, आणि मोठ्या बारमध्ये तर दर मजल्यावर वेगळा. तेही भर दुपारी. खिडक्या सताड उघड्या, त्यामुळे चालताना दर दहा पावलांवर गाणं बदलतं. बहुतेक ठिकाणी एन्ट्री फुकट. पण स्टेजसमोर टिपची बादली असते आणि वाजवणाऱ्यांची कमाई मुख्यत्वे त्यावरच. फर्माईश करायचीय? आधी नोट टाका!

या गोंगाटाला लागूनच लाल विटांचं रायमन ऑडिटोरियम उभं आहे. 1892 मध्ये प्रार्थनेसाठी बांधलेली ही वास्तू. आजही प्रेक्षक चर्चसारख्या लाकडी बाकांवर बसतात. 1943 ते 1974 या काळात ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ शो इथूनच व्हायचा. कंट्रीवाल्यांसाठी हा स्टेज म्हणजे देव्हारा. गंमत म्हणजे या देव्हाऱ्यात कित्येक वर्षं ड्रम्सना मज्जाव होता. शुद्ध कंट्रीत कसला आलाय ढोल-ताशा, असा एकूण खाक्या! 1965 मध्ये जॉनी कॅशने याच स्टेजच्या कडेचे दिवे माइकच्या स्टँडने फोडले आणि ऑप्रीने त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. चार वर्षांनी तोच कॅश याच रायमनमध्ये स्वतःचा टीव्ही शो करत होता. आहे ना फिल्मी?

तिसऱ्या दिवशी माझी होस्ट, म्हणजे इथे हेल्थकेअर आयटीत नोकरी करणारी कॉलेजमैत्रीण म्हणाली, ‘चल, कॅशच्या गावी जाऊ.’ हेंडरसनव्हिल नॅशव्हिलपासून साधारण तीस किलोमीटर. गाडी हायवेला लागली आणि तिने स्टिरिओचा आवाज वाढवला. गाणं होतं ‘घोस्ट रायडर्स इन द स्काय’. पण हे काय? डबल बासचा मारा, करवतीसारख्या गिटार्स, घशातून आलेली गुरगुर! कॅलिफोर्नियाच्या डेव्हिलड्रायव्हर या मेटल बँडने 2018 मध्ये ‘आउटलॉज टिल दि एण्ड’ हा कंट्री गाण्यांचा अख्खा अल्बमच काढला, त्यातलं हे. खरं सांगू? पहिला एक मिनिट मला चक्क राग आला. चांगल्या गाण्याची वाट लावली, असंच वाटलं. मग गुरगुर करणाऱ्यांच्या जोडीला कोण आहे हे मैत्रिणीने सांगितलं. जॉन कार्टर कॅश. खुद्द जॉनीचा मुलगा! म्हटलं, घरच्यांनाच चालतंय तर मी कोण बोलणार?

तिथल्या तिथे पुण्याला बाबांना फोन लावला आणि मोबाइल स्पीकरजवळ धरला. त्यांच्या मिक्स कॅसेटमध्ये हे गाणं होतं, कॅशचंच. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘ड्रम्स जरा कमी करायला सांग त्यांना. पण भुतांचंच गाणं आहे ते. आम्हीच वेडे, इतकी वर्षं पाय हलवत ऐकत बसलो.’

बाबांचा मुद्दा खरा होता. 1948 मध्ये डेथ व्हॅलीत नॅशनल पार्क सर्व्हिसची नोकरी करणाऱ्या स्टॅन जोन्सने हे गाणं लिहिलं. लाल डोळ्यांची सैतानी गुरं आभाळातून धावतायत, त्यांच्यामागे शापित काउबॉय, आणि तो पाठलाग कधीच संपणार नाही. वेळीच सुधार, नाहीतर तुझीही हीच गत, ही त्यातली धमकी. 1949 मध्ये व्हॉन मन्रोच्या आवाजात ते पहिल्या नंबरवर गेलं, 1979 मध्ये कॅशने गायलं आणि हळूहळू त्यातली भीती आपल्या अंगवळणी पडली. मेटलने ती परत आणली, एवढंच.

आणि मखमल तरी कुठे मूळची होती? नॅशव्हिलला आरसीए स्टुडिओ बी बघितला, जिथे जिम रीव्ह्जने रेकॉर्डिंग केलं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी चेट अ‍ॅटकिन्ससारख्या निर्मात्यांनी गावरान फिडल आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनचा ताफा आणि कोरस आणला. शहरी कानांना गोड लागावं म्हणून. तेव्हाही जुने लोक कुरकुरलेच होते. आपण ज्याला अस्सल समजतो, ते त्या काळचं रिमिक्सच!

कॅशला हे पक्कं ठाऊक असावं. नव्वदच्या दशकात नॅशव्हिलने त्याला जवळपास मोडीत काढलं, तेव्हा त्याला हात दिला तो रिक रुबिनने. स्लेअरचा ‘रेन इन ब्लड’ करणारा निर्माता! ‘अनचेन्ड’ या 1996 च्या अल्बममध्ये कॅशने साउंडगार्डनचं ‘रस्टी केज’ गायलं. 1998 मध्ये त्याच अल्बमला बेस्ट कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्यानंतर रुबिनने ‘बिलबोर्ड’मध्ये पानभर जाहिरात देऊन नॅशव्हिलच्या बड्या मंडळींचे ‘आभार’ मानले. सोबत कॅशचा मधलं बोट दाखवणारा जुना फोटो!

हेंडरसनव्हिलच्या स्मशानभूमीत जॉनी आणि जून शेजारी-शेजारी आहेत. दोघंही 2003 मध्येच गेले, चार महिन्यांच्या अंतराने. आम्ही पोचलो तेव्हा तिथे काउबॉय हॅट घातलेले एक आजोबा उभे होते आणि त्यांच्या बाजूला कवटीवाला काळा टी-शर्ट घातलेला एक मुलगा. दोघांची ओळख असावी असं वाटलं नाही. दोघं गप्प होते. कॅशही आयुष्यभर काळ्याच कपड्यांत वावरला, ‘मॅन इन ब्लॅक’ म्हणून, हे तेव्हा एकदम आठवलं.

तर नॅशव्हिलला गेलात तर रायमन आणि स्टुडिओ बी चुकवू नका, ब्रॉडवेवर खिशात सुट्ट्या डॉलरच्या नोटा ठेवा आणि अर्धा दिवस हेंडरसनव्हिलसाठी राखा. गाडीत ‘घोस्ट रायडर्स’ लावा. आधी कॅशचं, मग डेव्हिलड्रायव्हरचं. आवाज फुल्ल!