डोंगर किती लांब? : भाग २

दिवस तिसरा, सोमवार

रेनोच्या कॉलेजबद्दल मागच्या भागात लिहिलंच आहे. आज पहाटे सहाला तिथून निघालो. ऐंशी नंबरचा हायवे, पाचशेच्या वर मैल, आणि नेवाडा काही संपता संपेना. विनेमुक्का गेलं, एल्को गेलं. लेक मागच्या सीटवर स्नोबोर्डच्या पिशवीला टेकून गाढ झोपलेली. येत्या हिवाळ्याच्या तोंडाशी तिचे कॉलेजचे अर्ज भरायचे आहेत. तिच्या अटी दोनच: अ‍ॅनिमेशन शिकवणारं खातं चांगलं हवं आणि डोंगर जवळ हवा. आमच्या वेळी याहून सोपं होतं. पुण्यात मामा होता, म्हणून साताऱ्याहून पुण्याला गेलो. विषय नंतर ठरला.

वेंडोव्हर ओलांडलं आणि दोन्ही बाजूंना पांढरंच पांढरं.

"ऊठ, आला बघ तुझा बर्फ."

तिनं एक डोळा उघडला. "बाबा, ते मीठ आहे."

बॉनव्हिलचं मिठाचं मैदान. घड्याळ एक तास पुढे करून अंधार पडल्यावर सॉल्ट लेक सिटीत पोचलो. डोंगर दिसले नाहीत. म्हटलं, रात्रच आहे.

दिवस चौथा, मंगळवार

सकाळीही दिसले नाहीत. शहरावर करडं धुकं, घशात खवखव. हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, हे धुकं कमी आणि धूर जास्त. हिवाळ्यात थंड हवा या खोऱ्यात तळाला बसते, वर उबदार हवेचं झाकण बसतं, आणि गाड्यांचा नि घरांचा धूर आतच कोंडतो. वादळ येऊन झाकण उडवेपर्यंत असंच. डोंगरांनी वेढलेलं असण्याची ही किंमत. माहितीपत्रकात मात्र आकाश प्रत्येक पानावर निळं होतं.

युनिव्हर्सिटी ऑफ यूटा शहराच्या पूर्वेच्या उतारावर आहे. स्थापना १८५०ची. २००२च्या हिवाळी ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा इथल्याच स्टेडियममध्ये झाला, आणि खेळाडूंसाठी बांधलेल्या इमारतींत आता विद्यार्थी राहतात. परिसर दाखवणाऱ्या मुलीनं हात करून सांगितलं, "डोंगर तिकडे आहेत." तिकडे भिंतीसारखा करडा रंग.

मला खरी गंमत वाटली ती कॉम्प्युटरच्या खात्यात. चहाच्या किटलीचं ते प्रसिद्ध त्रिमित चित्र इथलं. १९७५ साली मार्टिन न्यूवेल या संशोधकानं घरातली किटली समोर ठेवून तिचे वक्र कागदावर उतरवले आणि आकडे करून यंत्राला दिले. पुढे जगभरच्या ग्राफिक्सवाल्यांनी आपापली तंत्रं त्याच किटलीवर तपासली. मूळ किटली आमच्या माउंटन व्ह्यूच्या संग्रहालयात आहे. चार वेळा तिच्यासमोरून गेलो असेन, थांबलो एकदाही नाही. पिक्सारच्या संस्थापकांपैकी एड कॅटमल यांची डॉक्टरेटही इथलीच. लेकीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

संध्याकाळी मी नकाशा उघडून सुचवलं, "आल्टाला जाऊ या. वर्षाला पाचशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो म्हणे. २०२२-२३ मध्ये तर ९०३ इंच."

"बाबा, आल्टाला बोर्ड चालत नाही. फक्त स्की."

मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच तसं आहे. अमेरिकेत अशी बंदी असलेली तीनच ठिकाणं उरली आहेत, त्यातली आल्टा आणि डिअर व्हॅली ही दोन इथेच. आल्टाचा बराचसा डोंगर सरकारी वनजमिनीवर आहे म्हणून काही बोर्डवाले कोर्टात गेले, तर २०१६ मध्ये अपिलातही हरले. शेजारच्या स्नोबर्डला बोर्ड चालतो, पण दोन्हींकडे जाणारा घाट एकच, आणि हिमकडे कोसळण्याची भीती असली की तो बंद. कधी कधी वर असलेल्यांना इमारतीबाहेर पाऊल टाकायलाही मनाई होते. त्याला इंटरलॉज म्हणतात.

"आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा असली तर?"

तिनं उत्तर दिलं नाही. डोळ्यांत मात्र चमक आली, ती मला आवडली नाही.

दिवस पाचवा, बुधवार

ठरवून गाडी हॉटेलवरच ठेवली. हिला इथे गाडी मिळणार नाही, तेव्हा विद्यार्थी जातात तसंच जाऊन बघायचं. विद्यापीठापासून ट्रॅक्सची, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेची, लाल गाडी, मग बदलून निळी, फोर्ट युनियनला उतरून ब्रायटन या स्की रिसॉर्टची बस. पहिली बस आमच्यासमोर गच्च भरून निघून गेली. थंडीत अर्धा तास उभे राहिलो, डब्यातल्या दशम्या आणि लसणीची चटणी तिथेच संपली. पावणेसातला निघालेलो, सव्वानऊला पोचलो. नकाशावर हे अंतर तीसेक मैल आहे.

घाटात एका वळणाला बस धुक्याच्या बाहेर आली. एकदम लख्ख ऊन, खाली खोऱ्यात दुधासारखं पसरलेलं मळकट धुकं, आणि पहिल्यांदाच डोंगर. बसमधली पोरं गप्प झाली. मीही.

ब्रायटन १९३६ पासूनचं, यूटातलं सर्वांत जुनं. इथे बोर्डवाल्यांचंच राज्य. लेक बर्फात फतकल मारून बसली, हातमोजे दातांत धरले, आधी उजव्या बुटाचा पट्टा कर्रकर्र आवळला. ती उजवा पाय पुढे ठेवते. बोर्डच्या भाषेत त्याला गूफी म्हणतात. आमच्या घरी त्यावरून बरेच विनोद झालेत. उठली, एक झटका दिला आणि झाडांत नाहीशी झाली. मी काचेआड कॉफी घेऊन बसलो.

चारला परतली तेव्हा पापण्यांवर बर्फ होता. तिनं कामाचा शोध लावला होता: इथे रात्री दिवे लावून लिफ्ट चालवतात. म्हणजे दुपारी वर्ग संपवूनही येता येईल. माझ्या मते डोंगर किती मैलांवर आहे, हा प्रश्नच चुकीचा. वर्ग आटपून, बसनं, आठवड्याच्या मधल्या वारी जाता येतं का, ते विचारावं. येताना बस मिळते का हेही विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही, आणि आम्ही दीड तास थांबलो.

रात्री खर्चाचा हिशेब मांडला. दुसऱ्या राज्यातल्या मुलांची फी बघून मी पेन्सिल खाली ठेवली. लेकीनं ती उचलून यूटापुढे बरोबरची खूण केली.

उद्या बोल्डरकडे निघतो. वायोमिंगमधून रस्ता आहे आणि वाऱ्यानं तो बंद होण्याची शक्यता सांगितली आहे. पुढचा भाग उशिरा आला तर आम्ही कुठल्यातरी मोटेलात अडकलोय, असं समजा.